डिजिटल वर्नियर आर्डुइनोला जोडला, पण नुसते शून्यच येतायत: कामून आणि काय करायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. जालन्याचा डिप्लोमावाला मुलगा, सुट्टीत वाळूजला मामाच्या जॉबवर्कच्या शॉपवर येऊन बसलाय. तिथं दिवसाला चार-पाचशे बुश (धातूच्या पोकळ नळकांड्या) लेथवर टर्न होतात, क्यूसीवाली ताई वर्नियरनं माप घेते, वहीत लिहिते आणि संध्याकाळी तेच आकडे एक्सेलमधे परत टाइप करते. तर वर्नियरच्या झाकणाखाली जे चार पॅड आहेत तिथून वायर काढून आर्डुइनो उनो या प्रोग्राम करायच्या छोट्या बोर्डाला जोडली, नेटवरचा कोड टाकला, आणि सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्ड पाठवतो ते कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या खिडकीत, ०.०० सोडून काही येईनाय. पुलअप, म्हणजे पिन वरच्या व्होल्टेजकडं ओढून धरणारा बोर्डातला रेझिस्टर, चालू करून बघितला तर वर्नियरचा डिस्प्लेच येड्यावानी करायलाय. मित्र म्हणतो उनो सोड, ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घे, ३.३ व्होल्टवर चालतो म्हणून काम होईल. आणि तू विचारलंयस की कोडमधे काय चुकलं.

कोडमधे दोन चुका आहेत, पण त्यांचा या शून्याशी संबंध नाही, त्यांच्यावर नंतर येतो. मी गेली पंधरा-सोळा वर्षं वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात हेच करतो, मापाची यंत्रं, गेज, सेन्सर कॉम्प्युटरला जोडून देणं, आणि या वर्नियरवर माझ्याकडं आलेल्या दहा पोरांपैकी नऊ जण इथंच अडकलेले असतात. वर्नियर बोलतोय, फक्त इतकं हळू बोलतोय की तुझ्या बोर्डाला ऐकूच जाईना.

वर्नियरमधे एकच बटन सेल असतो, एलआर४४ नाहीतर एसआर४४, म्हणजे दीड व्होल्ट. त्याच्या क्लॉक (बिट कधी वाचायचा ते सांगणारी टिकटिक) आणि डेटाच्या (खुद्द बिट) लाइनवर जो 'एक' येतो तो पण दीड व्होल्टचाच असणार, दुसरा कुठून आणणार तो. आता उनोवरची एटीमेगा३२८ चिप ५ व्होल्टवर चालत असताना तिची डेटाशीट म्हणते की पिनवर सप्लायच्या ०.६ पट, म्हणजे ३ व्होल्ट असतील तरच मी त्याला नक्की 'एक' धरीन. दीड व्होल्ट म्हणजे तिच्या लेखी शून्यच. मित्राचा ईएसपी३२ पण काही उजेड पाडत नाही, त्याला सप्लायच्या ०.७५ पट लागतात, ३.३ चे झाले जवळजवळ २.५ व्होल्ट. म्हणजे बोर्ड बदलून पैसे जातील आणि शून्य तसेच राहतील.

आणि पुलअपनं डिस्प्ले का नाचला ते पण समजून घे, कारण ते वर्नियरसाठी चांगलं नाही. एटीमेगाच्या आतला पुलअप म्हणजे २० ते ५० किलोओमचा रेझिस्टर ५ व्होल्टला बांधलेला. तो चालू केला की वर्नियरच्या नाजूक लाइनवर बाहेरून ५ व्होल्ट ढकलले जातात, तिथून आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून ते त्याच्या सप्लायवर चढतात आणि दीड व्होल्टवर जगणाऱ्या बिचाऱ्या चिपला भलतंच काही मिळतं. करंट थोडका असतो म्हणून बहुतेक वेळा मरत नाही पण अंक गायब होणं, एकदम उडी मारणं हे त्याच्यामुळंच. तर पुलअप आधी बंद कर.

आता जोडणी. त्याच्याही आधी कुठला पॅड कशाचा हे मल्टीमीटरनं ठरव, फोटो बघून ठरवू नको, कारण एकाच दिसणाऱ्या दोन वर्नियरमधे पॅडचा क्रम उलटा असलेला मी स्वतः बघितलाय. सेल काढ, मीटर बीपवर ठेव, एक टोक सेलच्या खाचेतल्या प्लसच्या पत्तीला आणि दुसरं एकेक पॅडला लावत जा, वाजला तो प्लस. तसंच मायनस शोध. उरलेले दोन म्हणजे क्लॉक आणि डेटा. सेल परत बसव आणि डीसी व्होल्टवर मायनसपासून दोन्ही मोज, लाइन सतत खालीवर होत असल्यामुळं मीटर सरासरी दाखवतो, जबडा हलवला तरी ज्याची सरासरी तशीच राहते तो क्लॉक, जो थोडा थोडा बदलतो तो डेटा. नाही कळलं तर दोन्ही लावून बघायचं, अदलाबदल झाली म्हणून काही जळत नाही. आणि दोन्ही लाइनवर काहीच हालचाल नसेल तर तो वर्नियर त्यातला समज ज्यात झाकण आहे पण आत डेटा सोडलेलाच नाही, असेही येतात बाजारात, त्यावर वेळ घालू नको, दुसरा घे.

बीपवर असतानाच अजून एक काम कर, जे कुणी करत नाही आणि मग डोक्याला हात लावून बसतात. एक टोक प्लसच्या पॅडला आणि दुसरं वर्नियरच्या स्टीलच्या जबड्याला. वाजलं ना? हे स्वस्तातले जे वर्नियर असतात त्यात बहुतेकांत बॉडी प्लसला जोडलेली असते. आपल्याला सवय असते की बॉडी म्हणजे मायनस, गाडी घे, टीव्ही घे. इथं उलटं. हे आत्ता नुसतं लक्षात ठेव, याच्यापायी मी दोन दिवस कसा बेजार झालो ते खाली सांगतो.

वायर सोल्डर करायला हुकअप वायर वापरू नको, पॅड इतके बारीक आणि जवळ आहेत की जाड वायरनं ताण येऊन पॅडच उखडून येतो, आणि एकदा उखडला की संपलं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा, आपल्याकडं तालुक्याच्या गावालासुद्धा दोन-तीन असतात, पंपाच्या मोटरी जळायला काय कमी आहेत का, तिथून सगळ्यात बारीक तारेचा हातभर तुकडा माग, फुकट देतात. तिच्यावर वार्निश असतं, टोकाला ब्लेडनं खरवड, आधी टोकाला कथील चढव, मग पॅडला टेकव, बस एक सेकंद. चार तारा निघाल्या की वर्नियरच्या पाठीवर एक छोटा कनेक्टर फेविक्विकनं चिकटव आणि ताण त्या कनेक्टरवर जाऊ दे, पॅडवर नको. ताईच्या हातात दिवसभर वायर ओढली जाणार आहे, हे टेबलावर बसून लक्षात येत नाही.

लेव्हल वाढवायला सगळ्यात सोपा आणि दोन-पाच रुपयांचा उपाय म्हणजे बीसी५४७ ट्रान्झिस्टर, दोन घे, एक क्लॉकला एक डेटाला. वर्नियरची लाइन ४७ किलोओममधून बेसला, एमिटर आर्डुइनोच्या ग्राउंडला, वर्नियरचा मायनस पण तिथंच, कलेक्टरवर १० किलोओम ५ व्होल्टला आणि तिथूनच आर्डुइनोची पिन. नेटवर काही ठिकाणी बेसला १ किलो दाखवतात, ते नको, वर्नियरच्या आउटपुटमधे तेवढा दमच नसतो. ४७ किलोत हिशोब करून बघ, दीडमधनं बेसचे ०.६५ गेले, उरले ०.८५, भागिले ४७ किलो म्हणजे १८ मायक्रोअँप. ट्रान्झिस्टरचा गेन कमीतकमी ११० धरला तरी कलेक्टरला २ मिलिअँप ओढायची ताकद आली आणि आपल्याला लागतो अर्धा. भरपूर झालं. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडं धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदारानं २एन३९०४ हातात ठेवला तर त्याचं उलटं असतं, एमिटर आधी. उलटा लावला तरी थोडंथोडं चालल्यासारखं करतो आणि तेच जास्त वाईट.

ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करतो हे ध्यानात राहू दे. वर्नियरचा एक म्हणजे तुझ्याकडं शून्य, चढती कड म्हणजे उतरती. नेटवरचे अर्धे कोड उलटा सिग्नल धरून लिहिलेले, अर्धे सरळ, आणि कुठला कोणता हे लिहिलेलं नसतं. कायमचं बसवायचं असेल तर मी स्वतः एलएम३९३ कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करून एक का शून्य सांगणारी चिप) वापरतो, एका चिपमधे दोन असतात, प्लस इनपुटला वर्नियरची लाइन, मायनसला ४७ किलो आणि ८.२ किलोच्या डिव्हायडरनं ५ व्होल्टमधून काढलेले पाऊण व्होल्ट, आउटपुटला १० किलोचा पुलअप. वर्नियरवर काही लोड येत नाही, सिग्नल उलटा होत नाही, आणि सेल उतरून सव्वा व्होल्टवर आला तरी पाऊण व्होल्टची रेघ मधेच राहते. काही जण एटीमेगाच्या आतला कम्पॅरेटर १.१ व्होल्टच्या आतल्या रेफरन्सवर वापरतात, नवीन सेलवर मस्त चालतं, सेल थोडा उतरला की नखरे चालू.

सेलवरून आठवलं, वर्नियरचं ऑफ बटन दाबलं तरी स्वस्त वर्नियरमधे फक्त डिस्प्ले विझतो, आतलं सर्किट मोजतच बसतं. म्हणून तर कपाटात ठेवलेल्याचा पण सेल संपतो. तू आर्डुइनोवरूनच सप्लाय देऊ शकतोस. ५ व्होल्टपासून ४७० ओम, मग दोन १एन४१४८ डायोड एकामागं एक ग्राउंडकडं, डायोडच्या जोडीवर साधारण दीड व्होल्ट मिळतात, त्याला १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड असे दोन कपॅसिटर समांतर. सेल मात्र काढून टाक, दोन्ही एकदम नको. लाल एलईडी लावून १.८ व्होल्ट देणारे पण आहेत, मी नाही देत.

आता बिट. इथं माझी एक विनंती आहे, तयार कोड टाकून लगेच मिलिमीटर बघायची घाई करू नको. आधी नुसते बिट छाप. बहुतेक चायनीज वर्नियर सेकंदाला काही वेळा २४ बिटांचं एक पॅकेट सोडतात आणि दोन पॅकेटांमधे मोठी शांतता असते. क्लॉकच्या कडेवर इंटरप्ट (चालू काम थांबवून लगेच चालणारं छोटं फंक्शन) लाव, उनोत पिन २, मागच्या कडेपासून ५ मिलिसेकंदापेक्षा जास्त वेळ गेला असेल तर नवीन पॅकेट सुरू झालं असं धर आणि मोजणी शून्यावर आण, नाहीतर डेटाची पिन वाचून बिट साठव. इंटरप्टच्या आत फक्त एवढंच. सीरियल प्रिंट त्यात घालू नको, तू घातलंयस, छापेपर्यंत पुढचे चार बिट निघून जातात. २४ बिट झाले की एक झेंडा वर कर आणि मुख्य लूपमधे त्यांची एक ओळ छाप, शून्य-एक, शून्य-एक, बस.

मग वर्नियर शून्यावर ठेव, ओळ बघ. मग १० मिलिमीटरचा स्लिप गेज (अचूक मापाचा स्टीलचा ठोकळा) धर, शॉपमधे असेलच, नसेल तर डिस्प्लेवर १०.०० येईपर्यंत सरकव आणि लॉकचा स्क्रू आवळ. वर्नियर शंभरावा भाग मोजतो म्हणून १०.०० म्हणजे तो १००० पाठवतो, आणि सगळ्यात लहान बिट आधी पाठवतो. १००० चे बायनरी आकडे उलटीकडून लिहिले तर ०००१०१११११ येतात. ही दहा अंकांची रांग तुझ्या ओळीत शोध. सापडली? तर ती जिथं सुरू होते तिथून २० बिट म्हणजे माप. बऱ्याच मॉडेलमधे तिच्या आधी एक बिट कायम सारखाच दिसतो, तो नुसता सुरुवातीची खूण, तो सोडून द्यायचा. रांगेत शून्याच्या जागी एक आणि एकच्या जागी शून्य दिसले तर सिग्नल उलटा झालाय, आणि सगळं एक घर सरकल्यासारखं वाटलं तर तू चुकीच्या कडेवर वाचायलास, कड बदल. आता जबडा बंद करून शून्य दे, मग पाच मिलिमीटर उघडून तिथं परत शून्य दे आणि जबडा मिटव, म्हणजे डिस्प्लेवर मायनस येईल, तेव्हा जो एक बिट नव्यानं चमकला तो चिन्हाचा. मायनस असला तरी आकडा तसाच सरळ येतो, टूज कॉम्प्लिमेंटच्या (ऋण आकडे बिट उलटे करून लिहायच्या पद्धतीच्या) भानगडीत पडू नको. इंचाचं बटन दाबलं की शेवटचा बिट बदलतो आणि मग आकड्याला २००० नं भागायचं, कारण इंचात तो अर्ध्या हजाराव्या भागानं मोजतो. हा इंचाचा बिट कोडमधे तपासच, ताईचा अंगठा कधी त्या बटनावर पडंल सांगता येत नाही आणि मग २५ चा बुश एकदम एकचा दिसतो.

ही पंधरा मिनिटांची परीक्षा केलीस तर कुठल्याही कंपनीचा वर्नियर आला तरी तुला कुणाचा कोड लागणार नाही. ऑसिलोस्कोप नसला तरी चालतंय. उनोचाच अॅनालॉग इनपुट वापर, त्याला दीड व्होल्ट म्हणजे ३०७ च्या आसपास आकडा दिसतो, फक्त मुळातला वेग कमी आहे, एका वाचनाला शंभर-सव्वाशे मायक्रोसेकंद खातो, प्रीस्केलर (त्याचा क्लॉक कितीनं भागायचा तो आकडा) १२८ वरून १६ वर आण म्हणजे पुरेसा वेग मिळतो. पाचेकशे वाचनं एका ॲरेत भरून घे आणि मग प्लॉटरवर टाक, लाइन कशी चाललीय ते डोळ्यानं दिसतं. स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक ॲनालायझर घेतला असशील तर तो वर्नियरला थेट लावू नको, त्याला पण दीड व्होल्ट धड कळत नाहीत, ट्रान्झिस्टरच्या पुढं लाव.

आता कोडमधली दुसरी चूक, पहिली म्हणजे इंटरप्टमधलं ते सीरियल प्रिंट. तू जो कोड टाकलायस त्यात माप जोडताना एक हा आकडा डावीकडं सरकवत बिट बसवलेत. उनोवर साधा इंट १६ बिटांचा असतो. म्हणजे एकला पंधरा घरं सरकवलं की तो ऋण होतो आणि त्याच्या पुढं सरकवला की गायबच होतो. आता गंमत बघ, १५० मिलिमीटरचा वर्नियर जास्तीत जास्त १५००० च्या आसपास पाठवणार, ते चौदा बिटांत बसतं, म्हणून ही चूक जन्मभर दिसत नाही. माझ्याकडं एकदा एका शॉपचा ६०० मिलिमीटरचा वर्नियर आला. तीनशेपर्यंत छान, ३२७.६७ पर्यंत छान, आणि पुढचा एक काटा सरकला की स्क्रीनवर मायनस ३२७.६८. मालक म्हणला, जॉब तर एवढा मोठा हाय, मायनस कसा झाला. मी आधी केबल बदलली, मग वर्नियर बदलायला निघालो, तेवढ्यात ३२७६८ हा आकडा डोक्यात वाजला. एकच्या पुढं एल लावायचा, म्हणजे तो लाँग होतो, ३२ बिटांचा, आणि माप साठवायचं व्हेरिएबल पण लाँगच पाहिजे. एका अक्षराचं काम. ईएसपी३२ वर इंट मुळातच ३२ बिटांचा असतो म्हणून तिथं हे होत नाही, आणि म्हणून लोक म्हणतात की ईएसपीवर बरोबर चाललं, उनो खराब आहे.

बॉडी प्लसची गोष्ट राहिली. चिकलठाण्याच्या एका शॉपमधे मी हेच बसवून दिलं, टेबलावर तासभर चालवून दाखवलं, एक नंबर. दुसऱ्या दिवशी फोन, रीडिंग बंद पडलं. गेलो तर माझ्यासमोर चालू. परत आलो, परत फोन. तिसऱ्यांदा गेलो आणि म्हणलं आता हलायचंच नाही, बसून राहिलो. टर्नरनं जॉब लेथच्या चकमधे (जॉब धरणाऱ्या पकडीत) असतानाच वर्नियर लावला, डिस्प्ले गेला. काढला, डिस्प्ले आला. टेबलावर सुट्टा जॉब मोजला, काही नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि चकमधला जॉब मोजला, ते पण चालू! तेव्हा ट्यूब पेटली. लेथची बॉडी अर्थला. लॅपटॉपचा तीन पिनचा चार्जर, त्याच्यातून यूएसबीचा ग्राउंड पण अर्थला. यूएसबीचा ग्राउंड म्हणजे वर्नियरचा मायनस. आणि वर्नियरचा जबडा म्हणजे प्लस. जबडा चकमधल्या जॉबला टेकला की प्लस लेथमधून अर्थला आणि अर्थमधून मायनसला, दीड व्होल्ट सरळ शॉर्ट. माझ्यासमोर चालायचं कारण मी दाखवायला दरवेळी टेबलावरचा जॉब उचलायचो.

तुझ्या मामाच्या शॉपमधे ताई टेबलावर सुटे बुश मोजते म्हणून तुला आत्ता हे जाणवणार नाही, पण टेबल लोखंडी असेल आणि अर्थ झालेल्या कपाटाला टेकलेलं असेल तर जाणवंल. उपाय दोन. एक, यूएसबी आयसोलेटर, जो डेटा जाऊ देतो पण दोन्हीकडचे ग्राउंड तोडतो, एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपचे तयार मॉड्यूल मिळतात, लॅपटॉप आणि आर्डुइनोच्या मधे लावायचं. दोन, बोर्ड बॅटरीवर चालव आणि डेटा ब्लूटूथवरून पाठव, एचसी-०५ किंवा थेट ईएसपी३२, तिथं मात्र ईएसपी३२ चा खरा उपयोग आहे. पीसी८१७ ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पलीकडं नेणारी चिप) वर्नियरच्या लाइनवर लावायचा मोह होतो, माझाही झाला होता, पण त्याच्या एलईडीला मिलिअँपमधे करंट लागतो, वर्नियरला ते झेपत नाही, आणि ट्रान्झिस्टरनं चालवला तरी १० किलोच्या लोडवर तो इतका आळशी होतो की क्लॉकच्या कडा पार गोल होऊन जातात.

शेजारी व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालणारं मशीन असेल तर अजून एक होतं, मधेच एखादं रीडिंग भलतंच येतं. १२.०४ चालू असताना एकदम ९३.९६. बिट उलटला की असंच होणार. केबल हातभरच ठेव, चारही वायर एकत्र पिळून घे, आणि कोडमधे सलग दोन पॅकेट सारखी आली तरच रीडिंग खरं मान. एवढ्यानं नव्वद टक्के त्रास जातो. तरी उड्या मारायला लागला तर इलेक्ट्रॉनिक्सला शिव्या देण्याआधी पट्टी पूस, हे वर्नियर कपॅसिटन्सवर मोजतात, पट्टीवर कूलंटचा ओलावा बसला की डिस्प्लेवरचा आकडाच हलतो, मग आर्डुइनो बिचारा काय करणार.

एक्सेलमधे टाकायला सगळ्यात बेस्ट म्हणजे उनो सोडून प्रो मायक्रो नाहीतर लिओनार्डो घे, ज्यात एटीमेगा३२यू४ चिप आहे. ती कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसू शकते. पायाखाली एक पेडल स्विच ठेवायचा, ताईनं बुश पकडला, पाय दाबला, बोर्डानं २४.९८ टाइप करून एंटर मारला, एक्सेल पुढच्या ओळीत. सॉफ्टवेअर नको, ड्रायव्हर नको, मालकाला काही शिकवायला नको. दोन काळज्या घे. एका पिनवर जंपर ठेव आणि तो लावला असेल तरच कीबोर्ड चालू होऊ दे, नाहीतर कोडमधे चूक झाली की बोर्ड अखंड टाइप करत सुटतो आणि नवीन कोड अपलोड करणं पण मुश्किल होतं. दुसरी, कर्सर जिथं असंल तिथं आकडे पडतात. एका ठिकाणी ताईनं मधेच व्हॉट्सअॅप वेब उघडलं होतं आणि कंपनीच्या सप्लायर ग्रुपवर लागोपाठ सतरा बुशांची मापं गेली, त्यातली दोन टॉलरन्सच्या बाहेरची. पुढचं सांगत नाही.

आता मामानं विचारलंय ना, याच्यानं माप जास्त अचूक येईल का. नाही येणार. ०.०१ दिसतं म्हणून ०.०१ बरोबर असतं असं नाही, १५० च्या चांगल्या वर्नियरची खात्री पण साधारण ०.०२-०.०३ ची असते. वर हाताचा दाब, बरचा (कापताना कडेला राहिलेल्या किसाचा) कण, आणि आपल्याकडचं ऊन. मापाचं जगभरचं प्रमाण तापमान २० डिग्री धरलेलं आहे, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आपण ४२ मधे उभे असतो. स्टीलचा जॉब आणि स्टीलचा वर्नियर दोघं साधारण बरोबरीनं फुगतात म्हणून खपून जातं, पण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब घेतला तर २२ डिग्रीच्या फरकानं तो स्टीलच्या मानानं ०.०२५ नं मोठा दिसणार. आणि मशीनवरून नुकताच काढलेला गरम असेल तर अजून. तेवढी टॉलरन्स असेल तर मायक्रोमीटर काढा आणि जॉब गार होऊ द्या. आर्डुइनोचा फायदा एवढाच की वाचताना आणि लिहिताना होणारी चूक जाते. २४.८९ चं २४.९८ होत नाही. माझ्या मते तेच खरं दुखणं होतं तुमच्या शॉपचं, अचूकपणा नव्हे.

मामाकडं मिटुटोयोचा वर्नियर किंवा मायक्रोमीटर असेल आणि त्याला आउटपुटचं छिद्र असेल तर वरचं बिटांचं वर्णन त्याला लागू नाही. त्याचं डिजिमॅटिक म्हणून वेगळं आहे. तो आपणहून बोलत नाही, रिक्वेस्टची लाइन खाली ओढली की मग ५२ बिट देतो, चार-चारचे तेरा गट. पहिले चार गट सगळे एक, पाचवा चिन्हाचा, मग सहा अंक मोठ्याकडून लहानाकडं, मग पॉइंट कुठं आहे ते, आणि शेवटी मिलिमीटर का इंच. त्याच्या क्लॉक-डेटाच्या लाइन ओपन ड्रेन असतात, म्हणजे नुसत्या खाली ओढतात, स्वतः वर नेत नाहीत, तिथं बाहेरून पुलअप चालतो, म्हणजे जे तू या वर्नियरला करायचं नव्हतं ते तिथं करायचं. पण रिक्वेस्टच्या लाइनवर ५ व्होल्ट कधीच टाकू नको, ट्रान्झिस्टरनं फक्त ग्राउंडला ओढ आणि सोड. महागाचं यंत्र आहे, मामा घरात घेणार नाही.

तू आता असं कर. सेल काढून प्लसचा पॅड आणि जबडा यात बीप वाजतो का बघ. मग दोन बीसी५४७ लाव, जबडा १०.०० वर लॉक कर आणि २४ बिटांच्या पाच-सहा ओळी जशा येतील तशा मला पाठव, कोड पाठवू नको. वर्नियरच्या पॅडचा फोटो पण काढ, उजेडात काढ, मागच्या वेळचा नुसता अंगठाच दिसत होता.